परतीच्या वाटेवरची नदी

ख्रिस्तोफर मॅककँडलेस १९९० मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठातून पदवीधर झाला, तेव्हा सुखवस्तू आयुष्याची सारी दारे त्याच्यापुढे खुली होती. वडील अभियंते, घर व्हर्जिनियातील संपन्न उपनगरात आणि स्वतःच्या खात्यात सुमारे २४ हजार डॉलर. ती रक्कम त्याने ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेला देऊन टाकली आणि घरी न कळवता तो निघून गेला. लेक मीड जलाशयाजवळ अचानक आलेल्या लोंढ्यानंतर मोटार सुरू होईना, तेव्हा ती तिथेच सोडली आणि जवळच्या नोटाही जाळून टाकल्या. पुढे ॲलेक्झांडर सुपरट्रॅम्प असे नवे नावही त्याने धारण केले.

त्यानंतरची दोन वर्षे भटकंतीत गेली. लहानशा होडीतून कोलोरॅडो नदीने तो मेक्सिकोत उतरला. साउथ डकोटातील कार्थेज गावी धान्याच्या कोठारावर त्याने मजुरी केली. एप्रिल १९९२ च्या अखेरीस, थोडा तांदूळ, एक हलकी रायफल आणि काही पुस्तके घेऊन अलास्कातील स्टॅम्पीड ट्रेल या निर्जन वाटेने तो चालू लागला. वाटेतली टेक्लानिका नदी तेव्हा थंडीने आक्रसलेली होती. ती ओलांडून एका टाकून दिलेल्या जुन्या बसमध्ये त्याने मुक्काम केला.

जॉन क्राकोर यांनी १९९६ मध्ये 'इन्टू द वाइल्ड' या पुस्तकात ही कहाणी सांगितली. ते वाचले तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचताना या तरुणाचा मला हेवा वाटला होता. आज माझा मुलगा पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीत जातो आणि रात्री मी दाराकडे कान लावून बसतो. आता आठवतात ते दोन वर्षे मुलाचा शोध घेणारे त्याचे आई-वडील.

तरुणपणी एक गोष्ट माझ्या ध्यानात आलीच नव्हती. ख्रिस्तोफर परत निघाला होता. जुलैच्या प्रारंभी तो नदीपर्यंत आला. पण हिमनद्यांच्या वितळत्या पाण्याने ती दुथडी भरून वाहत होती. तो मागे फिरला. थोड्याच अंतरावर नदीवर तारेने ओढण्याचा पाळणा होता. बारकाव्यांचा नकाशा जवळ नसल्याने त्याला ते ठाऊक नव्हते. आनंद वाटून घेतला तरच खरा, अशा आशयाची नोंद अखेरच्या काळात त्याने एका पुस्तकात केली. ऑगस्टमध्ये उपासमारीने त्याचा अंत झाला. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना मृतदेह सापडला, तेव्हा वजन जेमतेम ३० किलो होते. वय अवघे २४.

पुढे ती बस अनेकांचे तीर्थक्षेत्र बनली. दोन तरुणी २०१० आणि २०१९ मध्ये याच नदीत बुडाल्या. अखेर जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने बस उचलून नेण्यात आली.

सुखाचा त्याग करण्याचे त्याचे धैर्य मला आजही मोठे वाटते. मुलाला डोंगरात जाऊ नको, असे मी म्हणत नाही. पुस्तकाची माझी जुनी प्रत मात्र त्याला दिली आहे आणि तिच्यात घडी घालून एक नकाशाही ठेवला आहे.