वि. स. पागे कोण होते? बहात्तरच्या दुष्काळातून कामाचा हक्क कसा आला?

परतूर : नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे २,५०० रुपये. हा कर कशासाठी सुरू झाला, हे परतूरमधल्या एखाद्या तरुण शिक्षकाला विचारलं तर बहुधा सांगता येणार नाही. पण त्याच्याच घरातल्या आजीला बहात्तरचा दुष्काळ आठवत असतो. मिलो, सुकडी आणि खडी फोडायचं काम आठवत असतं.

पगारातल्या त्या कपातीचा आणि आजीच्या आठवणीचा संबंध एकाच माणसापाशी येऊन जुळतो. त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे, म्हणजेच वि. स. पागे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि ओला दुष्काळ जाहीर करा, अशी मागणी झाली. सरकारच्या नियमपुस्तिकेत असा शब्द नाही, असं उत्तर मिळालं. संकटात कोण आहे हे गावाने सांगायचं की कचेरीने ठरवायचं, हा वाद जुना आहे. पागे यांचं काम समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

पागे कोण होते?

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. आजच्या सांगली जिल्ह्यातलं तासगाव ही त्यांची कर्मभूमी. वकिलीचं शिक्षण, स्वातंत्र्यलढ्यातला सहभाग आणि गांधीविचारांची बैठक अशी त्यांची घडण होती.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झालं. त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले. सभापती म्हणजे सभागृहाचा पंच. त्याच्या हातात खातं नसतं, निधी नसतो, अधिकारी नसतात. तरीही राज्याचा सर्वात मोठा रोजगार कार्यक्रम याच खुर्चीवरच्या माणसाच्या कल्पनेतून आला.

सातशे रुपयांचा हिशेब

एक आठवण नेहमी सांगितली जाते. १९६५ मध्ये पागे तासगावला घरी बसून आकडेमोड करत होते. सातशे रुपये असतील तर वीस भूमिहीन मजुरांना पंधरा-वीस दिवस काम देता येतं, असा तो हिशेब होता. म्हणजे एका मजुराला दिवसाला साधारण दोन रुपये. मग पूर्ण राज्यातल्या गरजू मजुरांना काम द्यायला किती लागतील? त्यांनी हा हिशेब मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने कळवला. नाईकांनी कल्पना उचलून धरली.

त्याच वर्षी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात प्रयोग सुरू झाला. कल्पना साधी होती. गावात करण्यासारखी कामं भरपूर आहेत. बांध घालायचे आहेत, विहिरी खोदायच्या आहेत, रस्ते करायचे आहेत. हाताला काम नसलेली माणसंही आहेत. या दोन्हींची गाठ सरकारने घालून द्यायची.

‘दुष्काळ’ शब्द कायद्यातून गेला

या प्रयोगाच्या दोन वर्षं आधी राज्यात एक वेगळीच गोष्ट घडली होती. १९६३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्द काढून टाकला आणि त्याजागी टंचाई हा शब्द आणला. भूकबळीचा तो जुना दुष्काळ आता येऊ द्यायचा नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

शब्द गेला तरी पद्धत बरीचशी तशीच राहिली. पीक किती आलं, हे महसूल खात्याच्या पैसेवारीवरून ठरायचं. ती ५० पैशांच्या खाली आली की गाव टंचाईग्रस्त. शेतकऱ्याला आपलं शिवार वाळलेलं दिसत असलं, तरी कागदावर आकडा येईपर्यंत थांबावं लागायचं.

या पद्धतीचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता केल्या. मदतकामं काढायची, पण लोक फसवतील या शंकेने कसोट्या लावायच्या, अशी ती रीत होती. काम जड, मजुरी जेमतेम आणि ठिकाण लांब. इतकं सोसूनही जो येईल तोच खरा गरजू, असं गृहीत धरलेलं होतं.

१९७२ : मराठवाड्यात काय झालं?

१९७० पासून पाऊस दगा देत होता. १९७२ मध्ये तो जवळपास आलाच नाही. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ज्वारी आणि कापसाच्या या पट्ट्यात खरीप गेलं, पाठोपाठ रब्बीही गेलं. विहिरी आटल्या, जनावरं मिळेल त्या भावाने विकली गेली.

सरकारने राज्यभर कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी केंद्रं. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे लहान-थोर धरून दर दहा माणसांमागे एक जण कामावर. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. जमीन असलेले शेतकरीही मजुरांच्या शेजारी बसून खडी फोडत होते.

गंमत अशी, की मे १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याने नुकतीच स्वीकारली होती. पण संकट इतकं मोठं होतं की टंचाईच्या कामांपुढे ती मागे पडली. पाऊस परतल्यावर, १९७४ नंतर, तिची खरी अंमलबजावणी सुरू झाली.

वाद नेमका कशावर होता?

बहात्तरच्या मदतकामांवर तीन मोठे मतभेद होते.

• काम कोणतं? डोंगराएवढी खडी फोडून ठेवायची आणि ती तशीच पडून राहायची, याला अर्थ काय, असा विरोधकांचा सवाल होता. शेतीला पाणी देणारी कामं काढा, अशी मागणी होती.

• मजुरी कशी मोजायची? सरकार कामाच्या मापावर पैसे द्यायचं. उपासमारीने खंगलेल्या माणसाचं माप कमी भरायचं, मजुरीही कमी पडायची. डाव्या पक्षांनी आणि मजूर संघटनांनी यावर मोर्चे काढले, संप केले.

• मदत की हक्क? पाऊस पडला की टंचाई संपली, कामं बंद. पण भूमिहीनाकडे पाऊस पडल्यावरही जमीन नसतेच. त्याची टंचाई दरवर्षीची आहे, हा मुद्दा या काळात ठळक झाला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडताना ग्रामीण कामांचाच उपाय सुचवला होता.

दुसऱ्या बाजूलाही शंका होत्या. पैसा कुठून आणणार? सरकारी कामावर मजूर गेले तर शेतीला माणूस कोण देणार? हमी दिली तर लोक आळशी होतील का?

गरज आहे, हे कोण ठरवणार?

पागे यांच्या कल्पनेचं वेगळेपण इथे दिसतं. त्यांच्या योजनेत गरजू ओळखायला तलाठ्याचा दाखला नको होता, उत्पन्नाची यादी नको होती, पैसेवारीही नको होती. ज्याला काम हवं त्याने मागायचं. मागितलं, म्हणजे गरज आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नाही. काम देण्याची जबाबदारी सरकारवर.

वरवर ही कार्यपद्धतीतली सुधारणा वाटते. पण त्यात शहाणपण कोणाकडे असतं, याचं उत्तर दडलेलं आहे. जुन्या व्यवस्थेत अक्कल कचेरीत होती आणि गावाकडे फक्त भूक होती. निरक्षर मजुराला आपली गरज कळते आणि तो खोटं बोलण्यासाठी उन्हात दगड उचलायला येणार नाही, हे नव्या योजनेने मान्य केलं.

अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात. त्यावर टीकाही झाली. अंगमेहनत हीच चाळणी असेल तर म्हातारी, आजारी, अपंग माणसं बाहेरच राहतात. शिवाय काम कोणतं हे निवडायचा अधिकार मजुराला नव्हताच. मजुराच्या शहाणपणावर विश्वास होता, पण तो काम मागण्यापुरता.

शहराचा पैसा, गावाचं काम

पैशांचं उत्तर १९७५ मध्ये मिळालं. नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. त्याच्या जोडीला वाहनं, विक्रीकर, बागायती जमीन यांवरही जादा आकारणी झाली. या करांतून जितके पैसे जमतील तितकीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. शहरात टेबलापाशी बसणारा माणूस गावात कुदळ मारणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावू लागला.

१९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजना स्वीकारल्यापासून कायदा लागू होईपर्यंत राज्याने नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री पाहिले. सरकारं बदलली, योजना टिकली.

कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढाला अंगमेहनतीच्या अकुशल कामाची हमी दिली. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. रक्कम किरकोळ होती. पण काम न देणं ही सरकारची चूक आहे, याची ती लेखी कबुली होती.

‘अकुशल’ म्हणजे काय?

कायद्यातला हा एक शब्द मात्र खटकत राहतो. पाझर तलावाच्या खोदकामावर मजूर खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक उंचवटा न खोदता राखून ठेवतात. जमीन आधी कुठे होती आणि किती खोल गेली, हे त्यावरून कळतं. अभियंता टेप लावून लांबी, रुंदी, खोली मोजतो आणि घनमापावर मजुरी निघते. माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, पाणी कुठून उतरेल, आज माप किती भरलं, हे कागद न पाहता सांगणारी माणसं त्याच खड्ड्यात उभी असतात. मस्टरवर त्यांची नोंद अकुशल अशीच होते.

त्याचा परिणाम थेट मजुरीवर होतो. दुष्काळी काम म्हणजे उपकार, म्हणून मजुरी कमी चालेल, अशी समजूत दीर्घकाळ होती. राजस्थानातल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती मोडून काढली. दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, असा तो निकाल होता. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने आली ती १९८८ मध्ये.

योजनेत भ्रष्टाचारही शिरला. बोगस मस्टरचे आरोप झाले, आणि योजनेच्या नावाला अर्ध्या-अर्ध्या वाटणीचं यमक जुळवून लोकांनी तिची टिंगलही केली.

पागे यांच्यानंतर

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचं निधन झालं. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. मागेल त्याला काम, १५ दिवसांची मुदत आणि काम न दिल्यास भत्ता, हा त्याचा गाभा महाराष्ट्राच्या कायद्यासारखाच होता. केंद्राची हमी मात्र वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे १०० दिवसांची होती. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.

लक्षात ठेवण्यासारखं

काम मागितल्याची तारखेसह पावती हा या हक्काचा सर्वात महत्त्वाचा कागद. १५ दिवसांची मुदत त्या तारखेपासूनच मोजली जाते. पावती नसेल तर मागणी झालीच नाही, असं कचेरी म्हणू शकते. मग गरज आहे की नाही, हे ठरवण्याचा जो अधिकार पागे यांच्या योजनेने मजुराच्या हाती दिला होता, तो पुन्हा टेबलापलीकडे जातो.