मुलींचा हिशेब मागणाऱ्या पंडिता रमाबाई

आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील कित्येक घरांतील कुणी ना कुणी वृद्धाश्रमात, वसतिगृहात वा बालगृहात राहते. आपण फळे घेऊन भेटायला जातो. पण रात्री तेथे पहाऱ्यावर कोण असते, हे क्वचितच विचारतो. पंडिता रमाबाईंनी ते विचारले होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांना संस्कृत विद्या मिळाली. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पतीही गेले. पदरी छोटी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले.

१८९३ मध्ये तेथे मोठे वादळ झाले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे व काही मुली आत येऊन बसत. यावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंना हे फार लागले. तरीही आपल्या मुलींची चौकशी करणे हा पालकांचा हक्कच होता, असे मला वाटते. आणि खरे सांगायचे तर काही वर्षांनी रमाबाईंनी स्वतः तेच केले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सदनातील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेण्यात आले. ती परत आलीच नाही. तेथील एका पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतल्याचे रमाबाईंना कळले. त्या गप्प बसल्या नाहीत. ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात त्यांनी हे जाहीरपणे लिहिले. तिकडे इंग्लंडमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याच्या प्लेग-बंदोबस्ताविषयी तक्रार केली, तेव्हा रमाबाईंच्या पत्राचीही चर्चा झाली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे चुकीचे ठरवले. एक विधवा, तीही धर्मांतरित, सरकारविरुद्ध बोलते आहे. तिच्या पाठीशी कोण उभे राहणार? मुलगी सदनाच्या दाराबाहेर गेली म्हणून आपली जबाबदारी संपली, असे मात्र त्यांनी मानले नाही.

त्याच वर्षी मध्य प्रांतातील दुष्काळात त्या फिरल्या. सरकारी अनाथालयांत अन्नासाठी आलेल्या तरुण मुली कुणाच्या तावडीत सापडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शेकडो मुली त्या घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे वेगळे कृपा सदन झाले. अंध स्त्रियांचीही सोय झाली. मोठ्या मुली व मेट्रन यांच्यावर धाकट्या मुलींचे गट सोपवले जात.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगावलाच देह ठेवला. कल्याणहून सोलापूरकडे जाताना पुण्याच्या पुढे हे स्टेशन लागते. मुक्ती मिशन आजही तेथे आहे.