काळा धूर आणि रुडॉल्फ डिझेल

आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन आहे. लाईट नसली की अण्णा हँडल मारून ते चालू करतात. मागच्या उन्हाळ्यात ते काळा धूर ओकायला लागलं. डिझेलचा कॅन भराभर संपायचा, पण पाण्याची धार बारीक. कांद्याला पाणी पुरेना. आई आणि अण्णा दोघंही काळजीत होते. मग फिटरकाका आले. त्यांनी हवेचा फिल्टर उघडला तर तो मातीनं गच्च भरलेला. तो साफ केला, नोझलही साफ केलं, आणि धूर गेला. काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल, म्हणजे आपलेच पैसे आभाळात चालले, असं काकांनी मला समजावलं. डिझेल हे एका माणसाचं नाव आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते खरं वाटेना. म्हणून मी गुरुजींना विचारलं. त्यांनी जी माहिती दिली ती मी इथे लिहीत आहे.

मित्रांनो, त्यांचं पूर्ण नाव रुडॉल्फ डिझेल. त्यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरात झाला. आईवडील मूळचे जर्मनीचे. वडील पुस्तकं बांधायचं आणि चामड्याच्या वस्तू करायचं काम करीत. 1870 साली फ्रान्स आणि जर्मनीची लढाई सुरू झाली. जर्मन लोकांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे पैशांची फार ओढाताण होती. म्हणून 12 वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्ग गावी नातेवाईकांकडे शिकायला पाठवलं. एवढ्या लहान वयात आईवडिलांना सोडून राहायचं! मला तर मामाच्या गावी चार दिवसांत घरची आठवण येते.

रुडॉल्फ अभ्यासात फार हुशार होते. 14 व्या वर्षीच त्यांनी इंजिनिअर व्हायचं ठरवलं आणि तसं आईवडिलांना पत्रानं कळवलं. शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिक शहरातल्या मोठ्या कॉलेजात गेले. शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्यांना टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. पण ते खचले नाहीत. पुढे 1880 साली ते फार चांगल्या गुणांनी पास झाले.

कॉलेजात त्यांना लिंडे नावाचे सर होते. ते थंडी तयार करणारी यंत्रं बनवीत. सरांच्या तासाला डिझेल यांना एक गोष्ट कळली आणि ती त्यांच्या मनातून जाईना. त्या काळी सगळीकडे वाफेची इंजिनं होती. कोळशाच्या 100 भाग उष्णतेतले जेमतेम 10 भाग कामाला येत. बाकीची उष्णता वाया जाई. कमी जळणात जास्त काम करणारं इंजिन आपण करायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पोटासाठी ते बर्फाच्या कारखान्यात नोकरी करीत आणि डोक्यात मात्र इंजिन चालू असे.

त्यांची युक्ती काय होती? सायकलमध्ये पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं. तुम्ही करून बघा. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी ठरवलं की इंजिनात हवा इतकी जोरात दाबायची की ती लालभडक निखाऱ्यासारखी तापेल. मग तिच्यात थोडंसं तेल सोडायचं. ते आपोआप पेटेल. ठिणगीची गरजच नाही! हवा जितकी जास्त दाबावी तितका उष्णतेचा जास्त भाग कामाला येतो.

1892 साली त्यांनी या कल्पनेचं पेटंट मागितलं आणि पुढच्या वर्षी ते मिळालं. आउग्सबुर्गच्या कारखान्यात इंजिन बनवायला घेतलं. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्यांदा ते पेटवलं, तर आत एवढा दाब झाला की दाब मोजायचं यंत्रच फुटलं! तरी डिझेल यांना आनंद झाला, कारण तेल आपोआप पेटलं होतं. 17 फेब्रुवारी 1894 ला इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं, पण फक्त एक मिनिटभर. आणखी तीन वर्षं ते दुरुस्त्या करीत राहिले. शेवटी 1897 च्या फेब्रुवारीत एका प्राध्यापकांनी इंजिनाची कसून परीक्षा घेतली. 100 भाग उष्णतेतले 26 भाग कामाला आले. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट! ते इंजिन म्युनिकच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

1900 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. 1912 साली सेलँडिया नावाचं मोठं जहाज डिझेल इंजिनावर समुद्रापार गेलं.

पण डिझेल यांचा शेवट दुःखाचा आहे. त्यांनी पुष्कळ पैसा मिळवला, पण जमिनीच्या व्यवहारात आणि भांडणतंट्यात तो गेला. कर्ज झालं. तब्येतही बिघडली. 29 सप्टेंबर 1913 रोजी ते इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसले. रात्री जेवण करून खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात त्यांचं शव सापडलं. खिशातल्या वस्तूंवरून मुलानं ओळख पटवली. ते 55 वर्षांचे होते. त्या रात्री काय झालं हे कुणालाच ठरवता आलं नाही. ज्यांनी आयुष्यभर तेलाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून खटपट केली, त्यांचा स्वतःचा पैसा मात्र वाया गेला. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

त्यांचं काम थांबलं नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली आणखी एक युक्ती काढली. इंजिनाचा धूर नुसता बाहेर सोडायचा नाही. त्याच्या जोरावर एक चक्री फिरवायची आणि त्या चक्रीनं इंजिनात जास्त हवा कोंबायची. हाच टर्बो. 1925 साली त्यांना डिझेल इंजिनावर यश आलं. म्हणजे वाया जाणाऱ्या धुराकडूनसुद्धा काम करून घेतलं!

माझ्या मामांची पिकअप गाडी टर्बोची आहे. मी त्यांना विचारलं की गाडीला ॲव्हरेज जास्त कसं पडतं. मामा म्हणाले की टर्बोची हवा नेणारा पाईप फाटला तर हवा कमी पडते, गाडी ओढत नाही आणि काळा धूर येतो. फिल्टर साफ पाहिजे. चाकात हवा बरोबर पाहिजे. गिअर वेळेवर बदलावा आणि ॲक्सिलेटर हळू दाबावा. टर्बो आहे म्हणून उगाच जोरात पळवली तर ॲव्हरेज पडणारच नाही. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला टर्बो नाही, पण हवेची गोष्ट दोघांचीही एकच आहे.

आता दर रविवारी मी अण्णांबरोबर विहिरीवर जातो आणि फिल्टर झटकून देतो. या वर्षी कांद्याला पाणी पुरलं. पालकांना माझी विनंती आहे की, आपल्या इंजिनाचा धूर काळा दिसला तर आधी फिल्टर उघडून बघा.

इयत्ता चौथी