रखमाबाईंनी ‘नाही’ लिहून दिलं!

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात आमच्या कोडोलीतली एक सून माझ्याकडे आली. पदराखालून तिनं एक घडी घातलेला कागद काढला. कोर्टाचं समन्स होतं. नवऱ्यानं नांदायला येण्याचा दावा लावला होता. कागद येऊन तीन आठवडे झाले होते. भीतीपोटी तिनं तो तांदळाच्या डब्यात ठेवून दिला होता. बघितलंच नाही तर आपोआप मिटेल, असं तिला वाटत होतं. मला मात्र लगेच रखमाबाई आठवल्या.

डॉ. रखमाबाई राऊत यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावावर करून ठेवली होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. तो एकोणीस वर्षांचा होता. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या. सावत्र वडिलांच्या आधारानं वाचत, शिकत राहिल्या. तिकडे दादाजीचं शिक्षण सुटलं, तब्येत बिघडली, तो मामाच्या घरी पडून राहू लागला.

मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलांमार्फत बायकोला पाठवा म्हणून कळवलं आणि नंतर मुंबई हायकोर्टात दावा लावला. त्या वेळी रखमाबाई होत्या जेमतेम एकोणीस वर्षांच्या. कोर्ट म्हणजे पुरुषांचा प्रांत, कायद्याचं सगळं काम इंग्रजीत. गप्प बसल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. पण गप्प बसणं म्हणजे दावा समोरच्याच्या हातात देणं! त्यांनी वकील दिले. त्यांत आपले काशीनाथ त्र्यंबक तेलंगही होते. रखमाबाईंचं म्हणणं कोर्टाच्या कागदावर चढलं. नवरा पोसू शकत नाही, त्याची प्रकृती बरी नाही, तो ज्याच्या घरी राहतो तिथलं वातावरण बरं नाही, आणि लग्न झालं तेव्हा मला समज नव्हती. एका हिंदू बाईचा नकार असा रीतसर दप्तरी दाखल झाला.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. पण जिंकलं म्हणजे संपलं असं नसतं बरं का! दादाजीनं अपील केलं आणि १८८६ मध्ये प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला, पण जायला नकार दिला. त्याच वेळी त्यांच्या बाजूनं या निकालावर अपीलही झालं. मन खंबीर होतंच, पण कागदाची बाजूही त्यांनी सोडली नाही. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्यांच्यावर टीका केली, तर बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्यानं दावा सोडला.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायाबापड्यांची बाळंतपणं केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून त्या गेल्या. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यामागे जो गदारोळ झाला, त्यात या खटल्याचा वाटा मोठा होता.

आता आपल्या कामाचं. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. हजरच राहिलं नाही तर काम एकतर्फी चालू शकतं. निकाल विरोधात गेला तर अपिलालाही मुदत असते, ती पहिल्याच दिवशी वकिलाला विचारून घ्यावी. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्यानं बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आता तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, मुंबईची वारीही वाचली.

त्या सुनेला मी दुसऱ्या दिवशी एसटीनं तालुक्याला नेलं. मोफत वकील मिळाला, म्हणणं मुदतीत गेलं. निकाल काय लागेल तो लागो, तिचं म्हणणं कोर्टापुढे आहे एवढं नक्की. तेव्हा बायांनो, कोर्टाचा कागद आला तर तो तांदळाच्या डब्यात नको. त्यावरची तारीख बघा, ती कॅलेंडरवर लिहा आणि कुणाला तरी सांगा!