लोकसभेचे पहिले अध्यक्ष : दादासाहेब मावळणकर



नागरिकशास्त्रात संसदेचा पाठ शिकवताना मुलांना खासदार पटकन समजतो. आपल्या कुळगाव-बदलापूरचं मतदान भिवंडी लोकसभा मतदारसंघात होतं, आणि एकच स्टेशन पुढे, अंबरनाथला गेलं की कल्याण मतदारसंघ लागतो. हे सांगितलं की मुलं खूश! अडचण येते ती पुढे. टीव्हीवर लोकसभेचं कामकाज लागलेलं असतं. प्रत्येक खासदार 'अध्यक्ष महोदय' म्हणत एकाच व्यक्तीकडे बघून बोलतो, पंतप्रधानसुद्धा! मग मुलं विचारतात, हे अध्यक्ष नक्की कोणाच्या बाजूचे?

या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडतं, ते स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष एक मराठी गृहस्थ होते. त्यांचं नाव गणेश वासुदेव मावळणकर, म्हणजेच दादासाहेब मावळणकर. चला तर मग, त्यांची ओळख करून घेऊया.

जन्म आणि शिक्षण

मावळणकरांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर भागातील मावळंगे गावचं. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. सुरुवातीचं शिक्षण राजापूर व कोकणातील इतर ठिकाणी झालं. १९०२ साली ते अहमदाबादला गेले आणि पुढे तेच त्यांचं गाव झालं. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून ते बी.ए. झाले, १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली करू लागले. घरची भाषा मराठी, कामाची गुजराती, कोर्टाची इंग्रजी. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथच्या वर्गांत अशी दोन-तीन भाषांत वावरणारी कितीतरी मुलं असतात. त्यांना हे जरूर सांगा.

नगरपालिकेपासून सुरुवात

दादासाहेब एकदम दिल्लीत पोहोचले नाहीत बरं का! १९१९ ते १९३७ अशी जवळजवळ अठरा वर्षं त्यांनी अहमदाबाद नगरपालिकेत काढली. पाणी, गटारं, रस्ते, शाळा हे तिथले विषय. ते नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. सार्वजनिक कामाची सवय त्यांना इथेच लागली.

स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. तुरुंगात ते गुन्हेगार कैद्यांजवळ बसत आणि त्यांच्या आयुष्याच्या हकिगती ऐकून घेत. या अनुभवांवर त्यांनी पुढे गुजरातीत पुस्तक लिहिलं. ज्याला सगळे वाईट म्हणतात त्याचंही पूर्ण ऐकून घ्यायचं, ही त्यांची सवय पुढे फार उपयोगी पडली.

तीन मतांचा विजय

१९३७ च्या निवडणुकीनंतर दादासाहेब मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले. समोर होते सर कावसजी जहांगीर. मावळणकरांना ६६ मतं पडली, विरोधात ६३. अवघ्या तीन मतांनी निवड!

आता विचार करा, जवळजवळ निम्मं सभागृह आपल्या विरोधात असताना त्याच सभागृहाला शिस्त लावायची आणि सगळ्यांना समान संधी द्यायची, हे सोपं नव्हतं. देश स्वतंत्र झाल्यावर १७ नोव्हेंबर १९४७ रोजी, संविधान सभा कायदे करण्यासाठी बसे तेव्हाचे अध्यक्ष म्हणून त्यांचीच निवड झाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या बाजूने ३९४ मतं पडली, विरोधात ५५. विरोधी उमेदवारही मराठीच होते, शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे.

सरकारलाही जाब विचारणारी व्यवस्था

दादासाहेब काँग्रेसचे होते आणि सरकारही काँग्रेसचंच. तरी खुर्चीवर बसल्यावर त्यांनी काय केलं बघा. प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांनी महत्त्व दिलं, म्हणजे साध्या खासदारालाही मंत्र्याला प्रश्न विचारता यावा. १९५३ मध्ये सरकारी आश्वासनांची समिती सुरू झाली. मंत्री सभागृहात 'करू, बघू' म्हणतात, ते पुढे खरंच झालं का, हे ही समिती तपासते. आपण गृहपाठ देतो आणि दुसऱ्या दिवशी वह्या तपासतो, तसंच हे. वह्या तपासल्याच नाहीत तर गृहपाठाला काय अर्थ?

दुसरी गोष्ट वटहुकुमांची. संसद भरलेली नसताना सरकारला घाईने कायदा करायचा असेल तर वटहुकूम काढला जातो. हा मार्ग अगदी निकडीच्या वेळीच वापरावा, नेहमीचा करू नये, असं दादासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पत्राने कळवलं. आपल्याच पक्षाच्या, देशातल्या सर्वांत मोठ्या नेत्याला त्यांनी हे स्पष्ट सांगितलं.

त्यांच्यावरही ठराव आला

इतकं करूनही सगळे समाधानी नव्हते. काही विरोधी सदस्यांना अध्यक्ष पक्षपात करतात असं वाटलं आणि १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. आपल्या संविधानाप्रमाणे अशा वेळी अध्यक्ष त्या खुर्चीवर बसू शकत नाहीत. म्हणून उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवलं. चर्चा झाली आणि ठराव नामंजूर झाला.

मुलांना हा प्रसंग टाळून दादासाहेब शिकवू नका. निष्पक्ष माणसावरही आरोप होऊ शकतो, आणि आरोप करण्याचा हक्क विरोधकांना असलाच पाहिजे. नियम अध्यक्षांनाही लागू असतो, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं.

अखेर

१९५६ च्या जानेवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचं निधन झालं. त्यानंतर शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि चिपळूणच्या कन्या सुमित्रा महाजन असे मराठी अध्यक्ष लोकसभेला लाभले. दिल्लीतील मावळणकर सभागृह दादासाहेबांच्याच नावाचं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. वर्गाचा मॉनिटर निवडताना गुप्त मतदान घ्या. ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याशी मॉनिटर कसा वागतो, यावर महिन्याभराने चर्चा करा.

२. मॉनिटरबद्दल तक्रार असेल तर त्या दिवशी वर्ग दुसऱ्या विद्यार्थ्याला चालवू द्या.

३. पालकांनो, भावंडांच्या भांडणात निकाल देण्याआधी दोघांचंही पूर्ण ऐकून घ्या. मुलं पुस्तकापेक्षा हे लवकर शिकतात.

अध्यक्ष कोणाच्या बाजूचे, असं आता मुलांनी विचारलं तर सांगा, जो बोलायला उभा आहे त्याचं ऐकलं जावं, या बाजूचे. मग तो आपल्या पक्षाचा असो वा नसो. उपक्रम केलात तर मुलं काय म्हणाली, हे आम्हाला अवश्य कळवा.