आधी काम, मग नाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर

‘किर्लोस्कर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? विहिरीवरचा पंप, नाहीतर लाईट गेल्यावर धडधडणारा जनरेटर. त्या नावामागचा माणूस मात्र आपल्याला फारसा माहीत नसतो. मला तर अजिबातच नव्हता. मी कॉन्व्हेंटची. आमच्या पुस्तकात जेम्स वॅट होता, लक्ष्मणराव नव्हते. मेकॅनिकलला आल्यावर लायब्ररीत त्यांचं चरित्र हाती लागलं आणि सबमिशनच्या धामधुमीतही मी ते दोन रात्रीत संपवलं.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मार्क बेताचेच. नाद मात्र दोन होते, चित्रं काढायची आणि यंत्रं बघत बसायचं. 1885 साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं गेली आणि लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलासाठी याहून वाईट बातमी कुठली? दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, तोच विषय शिकवू लागले.

मला सगळ्यात आवडलेला भाग इथेच आहे. शिकवून उरलेला वेळ हा माणूस संस्थेच्या वर्कशॉपमध्ये घालवायचा. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करायचा. इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. समोरचं यंत्र हाच त्याचा मास्तर.

याचा अर्थ मला कळला तो एका जुन्या ट्रकच्या इंजिनमुळे. आमच्या वर्कशॉपच्या मागे एक सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन गिअर बॉक्ससकट पडून होतं. नेमप्लेट गायब, मॅन्युअल नाही. ते भंगारात जाणार होतं. सर म्हणाले, पार्ट्सची यादी करून द्या, मग मॉडेल म्हणून ठेवू. आम्ही चौघं कामाला लागलो. सगळ्या इंजिनवर ऑइल आणि मातीचा एकच काळा थर. रंगावरून काही कळायची सोय नव्हती. तेव्हा मला लक्ष्मणराव आठवले. मी वही घेतली आणि कुठला पाइप कुठून निघतो, कुठे जातो, एवढंच काढत गेले.

सहा बारीक स्टीलचे पाइप एकाच डब्यातून निघून हेडकडे गेलेले दिसले. म्हणजे तो डिझेल पंप. त्याच्या मागच्या टोकाला फुगीर भाग आणि त्याला ॲक्सिलरेटरचा दांडा जोडलेला, म्हणजे गव्हर्नर. पंपाच्या अंगाला दाबायची छोटी मूठ होती. डिझेल लाइनमध्ये हवा शिरली की ती काढायला हाताने मारायचा तो पंप. गिअर बॉक्सच्या बाजूला नुसतीच एक पत्र्याची प्लेट, बोल्ट मारून बंद केलेली. ट्रक डंपर असता तर ट्रॉली उचलणाऱ्या पंपासाठी गिअर बॉक्समधली ताकद तिथूनच बाहेर घेतली असती. अडकलो ते डायनामोच्या मागच्या एका वाटीएवढ्या तुकड्यावर. त्याला जाड रबरी नळी होती. तीन दिवस कोणाला सांगता येईना. पेट्रोल इंजिनमध्ये थ्रॉटलमुळे इनटेकला व्हॅक्यूम तयार होतो, तो ब्रेकच्या मदतीला वापरता येतो. डिझेलमध्ये बहुधा तसा थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तो तुकडा म्हणजे तो पंप. हे आम्हाला पुस्तकाने नाही, उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी सांगितलं. त्यांनी नाव नंतर सांगितलं. आधी विचारलं, नळी कुठं गेलीय पोरी, ते बघितलंस का?

लक्ष्मणरावांचं आयुष्य तरी दुसरं काय होतं? 1888 साली सायकल हीच नवलाची गोष्ट होती. त्यांनी आणि थोरले भाऊ रामूअण्णांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. 1897 मध्ये मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. शेतकरी नांगराला हात लावेनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! आपल्याला एक केटी लागली तर आठवडाभर जेवण जात नाही.

बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधचे राजेसाहेब मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचं रान. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही झाली. त्या वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी राखणीचं काम सोपवलं. मला वाटतं माणसाकडे बघायची रीतही त्यांची तीच होती. लोकांनी याला काय नाव ठेवलंय ते नंतर, हा काय करू शकतो ते आधी.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफ म्हटलं की आपण इतिहास बघतो, लक्ष्मणरावांना ओतीव धातू दिसला. पुढे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकून आले, 1946 साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली आणि आज आपल्या शेजारी कागलला तिचा कारखाना आहे. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं.

व्हायवाला आपण नाव आठवलं नाही की गप्प बसतो. नाव आठवलं की सुटलो म्हणतो. मित्रांनो, ज्याला रंग दिसले नाहीत त्याने एवढा कारखाना उभा केला, तो रेघेच्या मागे मागे जाऊन. सुट्टीत पुण्याच्या रेल्वेने जात असाल तर मिरज, सांगली मागे पडल्यावर खिडकीत जागे राहा. किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. तेच जुनं कुंडल रोड.