डासाच्या पोटातील रहस्य उलगडणारे रोनाल्ड रॉस

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, हे सप्रमाण सिद्ध करणारे शास्त्रज्ञ सर रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश भारतीय सैन्यात अधिकारी होते. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८१ मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. बंगळुरू येथे असताना आपल्या बंगल्याच्या खिडकीबाहेरील पाण्याच्या पिंपात डासांची पैदास होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पिंप रिकामे करताच डास कमी झाले.

हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढत असावा, हा पॅट्रिक मॅन्सन यांचा तर्क पडताळण्यासाठी रॉस यांनी १८९५ पासून सिकंदराबाद येथे संशोधन आरंभिले. दोन वर्षे त्यांनी करड्या व पट्टेदार डासांचे विच्छेदन केले. पण हाती काहीच लागले नाही. हे डास हिवतापाचे वाहकच नव्हते. अखेर पंखांवर ठिपके असलेले अॅनोफिलीस डास त्यांना मिळाले. हुसेन खान या रुग्णाला प्रत्येक डासामागे एक आणा देऊन त्यांनी हे डास चाववून घेतले. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भित्तीत त्यांना परजीवी आढळला.

लगेचच राजपुतान्यात बदली झाल्याने संशोधन खंडित झाले. १८९८ मध्ये कोलकाता येथे पक्ष्यांवर प्रयोग करून, परजीवी डासाच्या लाळग्रंथींतून दंशावाटे शरीरात शिरतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी इटलीतील शास्त्रज्ञांनी मानवी हिवतापाबाबत हे सिद्ध केले. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रॉस यांना निरुपयोगी ठरलेले पट्टेदार डास एडिस गटातील होते. याच गटातील डास डेंग्यू पसरवतात. ते प्रामुख्याने दिवसा चावतात आणि पिंप, कूलर, कुंड्या यांतील साठलेल्या पाण्यात वाढतात. अचानक चढणारा तीव्र ताप, डोळ्यांमागे वेदना, अंगदुखी व पुरळ ही डेंग्यूची लक्षणे होत. ताप उतरताना तीव्र पोटदुखी, सतत उलट्या वा रक्तस्राव झाल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. हिवताप की डेंग्यू, हे मात्र रक्ततपासणीनेच निश्चित होते.

रॉस यांच्या शोधाच्या स्मरणार्थ २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.